'आय डोन्ट गिव्ह अ डॅम' आणि अकबराचा दाम

आय डोन्ट गिव्ह अ डॅम. म्हणजे गेलास उडत, तुला विचारतंय कोण! आणि या वाक्याचा विषय निघाला की कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकतंच, अरे हा डॅम म्हणजे आपला दाम, अकबराचं तांब्याचं नाणं, गोरे इथून घेऊन गेले.

नाणं खरंय, त्यात वादच नाही. शेरशाहने चालू केलेलं, अकबराच्या काळात दाम म्हणून रुळलेलं, जाडजूड, चांगलं वीसेक ग्रॅमचं, आणि असे ४० दाम मोजले की १ रुपया. गंमत म्हणजे ज्याला आपण फुटकळ नाणं समजतोय त्याच दामात आईन-ए-अकबरीत अख्ख्या सुभ्यांचा महसूल मांडलाय, कोट्यवधी दाम!

मग ही स्टोरी आली कुठून? १८८६ ला हेन्री यूल आणि आर्थर बर्नेल यांची 'हॉब्सन-जॉब्सन' डिक्शनरी निघाली, इथल्या गोऱ्यांच्या बोलण्यातल्या शब्दांची, तिच्यात दामच्या नोंदीत ही पुडी सोडलीय, की बोलणाऱ्याच्या मनात शिवी असेल पण शब्दाच्या मुळात नाही. त्यात इंग्रज सेनापती ड्यूक ऑफ वेलिंग्टनचं नाव चिकटलं, कारण 'ड्यूक म्हणतो तसा' टूपेनी (दोन पेनीचा) डॅम असं इंग्रज इतिहासकार मेकॉलेने १८४९ च्या पत्रात लिहिलंय, आणि वेलिंग्टन तर आपल्या जालन्याकडच्या असईला १८०३ मध्ये शिंदे-भोसल्यांशी लढलेला, मग काय, लोकांनी दिलं जुळवून.

ऑक्सफर्ड डिक्शनरीने हे साफ उडवून लावलं, आणि मला विचाराल तर बरोबरच केलं. डॅम हा साधा शाप आहे, लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्लिशमध्ये गेलेला. लेखक ऑलिव्हर गोल्डस्मिथ, जो जन्मात कधी हिंदुस्थानात आला नाही, तो १७६० च्या सुमारास लंडनमध्ये बसून 'थ्री डॅम्स' लिहून मोकळा झालाय. आणि डॅमच्या जागी 'कर्स', म्हणजे शाप, घालूनही लोक हेच बोलायचे, आता तिथे कुठलं नाणं काढून दाखवणार?

पण हॉब्सन-जॉब्सनच्या त्याच दामच्या नोंदीत अजून एक मजा आहे जी कोणी फॉरवर्ड करत नाही. दमडी, म्हणजे दामाचा आठवा हिस्सा. तिथे लिहिलंय की इथले गोरे खरंच 'दमडी देणार नाही' असं ठणकावून सांगायचे, आणि दमडी म्हणजे नक्की किती हे त्यांना धड माहीतही नसायचं.