सही खरी होती

(पडद्यावर नोटपॅड. त्यात उघडलेली एक ईएक्सई फाइल.)

विंडोजची कुठलीही ईएक्सई फाइल, म्हणजे चालवता येणारा प्रोग्राम, नोटपॅडमध्ये उघडून बघा. पडदाभर नुसती गिचमीड दिसते. पण अगदी सुरुवातीची दोन अक्षरं स्वच्छ वाचता येतात: एम आणि झेड. मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टच्या अभियंत्याची ही आद्याक्षरं. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या प्रणालीच्या, जमान्यात त्यानं या फाइलचा साचा घडवला, तेव्हापासून ती दारावरच्या पाटीसारखी तिथंच आहेत.

नोटपॅडमध्ये ही फाइल निपचित पडलेली असते. डबल क्लिक केलं की ती जागी होते, आणि मग तुम्हाला जे जे करता येतं ते ते तिलाही करता येतं. मुलांचे फोटो, हिशेबाच्या फाइली, ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड, सगळ्याला तिचा हात पोचतो. म्हणून आधी चार गोष्टी पाहून घ्यायच्या.

(फाइल एक्सप्लोरर. ‘व्ह्यू’ मेनू उघडतो.)

पहिलं, नाव. विंडोज फाइलचं एक्सटेन्शन, म्हणजे नावाच्या शेवटची, फाइलचा प्रकार सांगणारी अक्षरं, आपण होऊन लपवून ठेवतं. त्यामुळे ‘बिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई’ ही फाइल समोर येते ती ‘बिल डॉट पीडीएफ’ होऊन. मे 2000मध्ये जगभर पसरलेला ‘आय लव्ह यू’ नावाचा किडा याच लपाछपीवर पोसला गेला. प्रेमपत्राच्या नावापुढे टीएक्सटी होतं, आणि त्याच्याही पुढे, न दिसणारं, व्हीबीएस, म्हणजे चालणारा प्रोग्राम. व्ह्यू मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’वर खूण करा. आजच करा.

दुसरं, ठिकाण. टास्क मॅनेजर, म्हणजे संगणकात काय काय चालू आहे ते दाखवणारी खिडकी, उघडला की ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाच्या डझनावारी नोंदी दिसतात आणि माणूस घाबरतो. घाबरू नका, विंडोजच्या अनेक सेवा याच नावाखाली चालतात. फक्त नोंदीवर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ म्हणा. विंडोजच्या आतलं सिस्टिम32 फोल्डर उघडलं तर ठिकाण बरोबर आहे. तेच नाव डाउनलोड्स किंवा टेम्प फोल्डरमधून चालत असेल, किंवा स्पेलिंगमधलं एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं असेल, तर ती फाइल तोतया समजा.

(फाइलवर राइट क्लिक. ‘प्रॉपर्टीज’. ‘डिजिटल सिग्नेचर्स’.)

तिसरी, सही. ही सही दोन गोष्टींची ग्वाही देते: फाइल कुणी तयार केली, आणि सही झाल्यावर तिच्यात फेरफार झालेला नाही. सही नाही म्हणून फाइल वाईट असं मात्र नाही. सही करायला लागणाऱ्या सर्टिफिकेटला पैसे पडतात, आणि हौसेनं फुकट सॉफ्टवेअर देणाऱ्या एकट्यादुकट्याला ते परवडतंच असं नाही.

चौथी गोष्ट, चार जणांचं मत. व्हायरसटोटल ही सेवा 2004मध्ये स्पेनमधल्या मालागा शहरात सुरू झाली, 2012मध्ये गूगलनं ती विकत घेतली. तिथं फाइल टाकली की साठ-सत्तर अँटीव्हायरस ती एकाच वेळी तपासतात. त्यात आपल्या पुण्याचं क्विक हीलही असतं. पण खाजगी कागदपत्रं तिथं चढवू नका, कारण दिलेली फाइल इतर संशोधकांच्याही हाती पडू शकते. त्याऐवजी फाइलचा हॅश काढा. विंडोजच्या पॉवरशेल या आज्ञा लिहायच्या खिडकीत ‘गेट-फाइलहॅश’ ही आज्ञा दिली की 64 चिन्हांचा ठसा मिळतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी सगळा ठसा बदलतो. नुसता तो ठसा शोधला तरी ही फाइल आधी कुणी तपासली आहे का, ते कळतं.

(तारीख उमटते: 15 ऑगस्ट 2017.)

आता ही चारही उत्तरं बरोबर आलेली एक फाइल बघू. सीक्लीनर, संगणकातला कचरा साफ करणारं लोकप्रिय सॉफ्टवेअर. 15 ऑगस्ट 2017ला त्याची 5.33 ही आवृत्ती आली. नाव बरोबर. डाउनलोड थेट कंपनीच्या सर्व्हरवरून. सही पिरिफॉर्म या मूळ कंपनीची, अस्सल, चालू सर्टिफिकेटची. आणि तरी आत विष होतं, कारण हल्लेखोर सही होण्याआधीच कंपनीच्या आत शिरले होते. सुमारे 22 लाख 70 हजार संगणकांवर ती आवृत्ती पोचली. सिस्को कंपनीच्या टॅलोस या सुरक्षा-संशोधक गटानं 18 सप्टेंबरला हे जाहीर केलं, तेव्हा 64 अँटीव्हायरसपैकी फक्त एकानं तिला लाल खूण दिली होती.

यावर ‘मग तपासून उपयोग काय?’ असं कुणी म्हणालं तर मला ते अजिबात पटत नाही. रोज अंगावर येतात ते बनावट बिलं आणि क्रॅक केलेली सॉफ्टवेअर, आणि त्यातली बहुतेक पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच उघडी पडतात. पण सीक्लीनरमधल्या त्या चोरट्या कोडनं काय केलं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे.

(घड्याळाचा सेकंदकाटा.)

सुरू झाल्यावर ते 601 सेकंद गप्प बसायचं. दहा मिनिटं आणि वर एक सेकंद. तपासणीची स्वयंचलित यंत्रं फाइलवर थोडाच वेळ नजर ठेवतात. तेवढा वेळ निघून जाऊ द्यायचा. मग ते एकच गोष्ट विचारायचं: संगणकावर बसलेला माणूस ॲडमिन, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, आहे का?

नसेल, तर ते तिथल्या तिथे गाशा गुंडाळायचं.

जी फाइल जवळजवळ सगळ्या अँटीव्हायरसच्या नजरेतून सुटली, ती साध्या खात्यावर स्वतःहून माघारी फिरत होती. आपल्याकडे घरातला संगणक घेतला की पहिलं खातं ॲडमिनचंच बनतं, आणि पुढची सगळी वर्षं आई, बाबा, मुलं त्याच खात्यावर बसतात.

(‘सेटिंग्ज’, ‘अकाउंट्स’. नवं खातं तयार होतं. प्रकार: ‘स्टँडर्ड युजर’.)

दुसरं खातं काढायला पाच मिनिटं लागतात. रोजचं काम त्यावर करायचं. त्यानंतर कुठलीही ईएक्सई संगणकात खोलवर हात घालू पाहील, तेव्हा पडदा मंदावेल, एक खिडकी उघडेल, तीत फाइल कुणाची ते लिहिलेलं असेल आणि खाली ॲडमिनचा पासवर्ड मागितलेला असेल. ते नाव पूर्ण वाचा. ओळखीचं नसेल, तर ‘नो’ दाबा.