वीस अंश उत्तर, वीस अंश दक्षिण

(दृश्य : गंगापूर धरणाकडचा रस्ता, सकाळ. मक्याचं शेत.)

मक्याला तुरा आला की काळा शर्ट घालून शेतातून एक फेरी मारून बघा. बांधावर येईपर्यंत खांद्यांवर पिवळी भुकटी बसलेली असते. झटकली की गेली, असं आपल्याला वाटतं. पण परागकण भलता चिवट असतो. हवा न लागणाऱ्या चिखलात रुतला, तर हजारो वर्षं तसाच राहतो.

आता नकाशा उघडू. नाशिक विषुववृत्ताच्या उत्तरेला 20 अंशांवर. दक्षिणेला तेवढंच उतरून पश्चिमेला सरकलं की मॉरिशस. कातळ आपल्यासारखाच, ज्वालामुखीचा. तिथे 560 मीटर उंचीवर, म्हणजे जवळपास नाशिकच्याच उंचीला, कनाका नावाचं विझलेलं विवर आहे. त्यात पाणी साचलं, केवडा वाढला, कुजलेल्या पानांचे थर बसत गेले. संशोधकांनी नळी खुपसून 10 मीटर गाळ वर काढला. रेडिओकार्बनने, म्हणजे गाळातल्या किरणोत्सर्गी कार्बनवरून, वय काढलं, तेव्हा तो सुमारे 38 हजार वर्षं मागे जातो असं दिसलं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालची काचपट्टी.)

पुढचं काम कंटाळवाणं, आणि खरं काम तेच. चिमूटभर गाळ अल्कलीत तापवायचा, हायड्रोफ्लोरिक आम्लात वाळू विरघळवायची. एवढ्या जाचातून पराग शाबूत उरतो. मग डोळा लावून मोजत बसायचं : केवडा किती, नेचे किती, डोंगरमाथ्यावरची झुडपं किती. गवतं मात्र चकवतात. सगळ्यांचे कण गोल, एका छिद्राचे. मका तेवढा आकाराने थोराड, म्हणून सापडतो. शिवाय वाऱ्यावर पराग उधळणारी झाडं काचेवर गर्दी करतात; किड्यांवर भिस्त ठेवणारी, जंगलात दाट असूनही, तुरळक दिसतात. ही शिरगणती जशीच्या तशी खरी धरायची नसते.

तरी एक गोष्ट स्पष्ट दिसते. हिमयुगातही या बेटावरचं जंगल हटलं नाही. रूप मात्र बदलत राहिलं, आणि हिमयुग सरताना, सुमारे साडेअकरा हजार वर्षांपूर्वीपासून, फारच झपाट्याने.

जूनमध्ये हवामानवाले ज्या ‘मस्करीन उच्चदाबा’चं नाव घेतात, तो हवेच्या जास्त दाबाचा पट्टा मॉरिशस ज्यांच्यात मोडतं त्या मस्करीन बेटांच्या दक्षिणेकडच्या समुद्रावर असतो. तिथले वारे विषुववृत्त ओलांडून वळतात आणि मोसमी पाऊस होऊन ब्रह्मगिरीवर आदळतात.

मॉरिशसच्या किनाऱ्याजवळ ‘मार ओ सोंज’ नावाची दलदल आहे. डोडो आणि राक्षसी कासवांच्या हाडांनी खच्चून भरलेली. सुमारे 4,200 वर्षांपूर्वी दुष्काळात आटत चाललेल्या पाण्याभोवती जमलेले हे जीव. मेघालयातल्या मॉम्लूह गुहेतला चुनखडीचा स्तंभही त्याच सुमारास आपला पाऊस रोडावल्याचं सांगतो. भूशास्त्रात 2018 पासून तिथपासूनच्या काळाला ‘मेघालयन’ म्हणतात. दोन्ही दुष्काळांचं मूळ एकच होतं का, यावर मी पैज लावणार नाही. पण नकाशा पुन्हा पुन्हा उघडावासा वाटतो.

(दृश्य : मॉरिशस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस.)

1638 मध्ये डच वस्तीला आले, पाठोपाठ ऊस आला. शतक संपेपर्यंत डोडो गेला. हिमयुग पचवलेल्या जंगलापैकी आज धड अवस्थेत 2 टक्केही उरलेलं नाही.

उसालाही तुरा येतो. काचेवर त्याचा कण गोल, एका छिद्राचा. नोंद होते ती ‘गवत’ म्हणूनच.