त्यांचंच वाक्य, याची कात्री

(दृश्य : जॉन हार्टफिल्डचं 'हुर्रे, लोणी संपलं!' हे फोटोमोंताज, म्हणजे फोटो कापून-जोडून केलेलं चित्र. कॅमेरा एकेका चेहऱ्यावरून सावकाश सरकतो.)

निवेदन :

आधी हे कुटुंब नीट पाहून घ्या. भिंतीवर हिटलरची तसबीर, वॉलपेपरवर नाझी स्वस्तिकांची नक्षी. सगळे जेवायला बसलेत. कुणाच्या तोंडात सायकलचं हँडल, कुणाच्या साखळी. तान्हं मूल कुऱ्हाड चोखतंय. कुत्र्यालाही वाटा मिळालाय, भलामोठा नटबोल्ट. लोखंडाचे चणे आपण म्हणीत खातो. यांच्या ताटात खरंच लोखंड आहे.

डिसेंबर १९३५. जर्मनीत शस्त्रास्त्रांची तयारी जोरात आणि लोण्याची टंचाई. हॅम्बुर्गच्या भाषणात हिटलरचा मंत्री हेरमान गोअरिंग म्हणाला, लोखंडाने साम्राज्य बळकट होतं. लोणी आणि चरबीने फार तर माणसं लठ्ठ होतात. जॉन हार्टफिल्डने हे वाक्य चित्राखाली जसंच्या तसं छापलं. शीर्षक सोडलं, तर स्वतःची टीका जोडली नाही. नेत्याचं म्हणणं फक्त अक्षरशः खरं धरलं.

हार्टफिल्ड बर्लिनचाच. मूळ नाव हेल्मुट हेर्त्सफेल्ड. पहिल्या महायुद्धात 'देव इंग्लंडला शिक्षा करो' ही घोषणा जर्मनीभर घुमत होती, तेव्हा, १९१६ मध्ये, त्याने इंग्रजी नाव घेतलं. (हे धाडस त्याच्या कुठल्याही चित्राइतकंच मोठं!)

(दृश्य : कात्री, गोंद, मासिकांची कात्रणं.)

हवा तसा फोटो मिळाला नाही, तर तो फोटोग्राफरकडून मुद्दाम काढून घ्यायचा. कापायचं, चिकटवायचं आणि मग ब्रशने रंग लावून सांधे बुजवायचे. त्याच्याच दादावादी वर्तुळातल्या (दादावाद म्हणजे महायुद्धाच्या काळातली, कलेचे रूढ नियम झुगारणारी चळवळ) हाना ह्योख या चित्रकर्तीच्या कोलाजमध्ये कापलेल्या कडा उघड दिसतात. हार्टफिल्ड त्या लपवतो, आणि ते बरोबरच आहे. प्रचाराचा फोटो खरा वाटतो म्हणून फसवतो. त्याचं उत्तरही तितकंच खरं वाटायला हवं. शिवाय मूळ कोलाज ही त्याच्या दृष्टीने फक्त तयारी. खरी कलाकृती म्हणजे 'एआयझेड' या कामगारांच्या सचित्र साप्ताहिकाचा छापील अंक.

त्याच साप्ताहिकात, १९३२ मध्ये, हिटलरचं वाक्य : 'लाखो माझ्या पाठीशी उभे आहेत.' चित्रात सलामीसाठी उंचावलेला हात, आणि मागे उभा असलेला धिप्पाड धनिक त्या तळव्यावर नोटा ठेवतोय.

१९३३ मध्ये त्याला प्रागला पळावं लागलं. तिथल्या १९३४ च्या प्रदर्शनावर जर्मन वकिलातीने आक्षेप घेतला, काही चित्रं उतरवली गेली. पुढे इंग्लंडमध्ये आसरा मिळाला. पण १९४० मध्ये तिथेही 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' म्हणून स्थानबद्ध.

(दृश्य : मार्था रोझलर, 'क्लीनिंग द ड्रेप्स'.)

अमेरिका, व्हिएतनाम युद्धाचा काळ. 'लाइफ' साप्ताहिकात रणभूमीचे फोटो आणि दिवाणखान्याच्या जाहिराती एकाच अंकात छापल्या जायच्या. अमेरिकी कलाकार मार्था रोझलरने जणू मधली पानंच काढून टाकली, दोन्ही एका चित्रात आणलं. गृहिणी व्हॅक्यूम क्लीनरने पडदा साफ करतेय, पडद्यापलीकडे सैनिक. अशा कोलाजच्या मालिकेच्या झेरॉक्स प्रती तिने युद्धविरोधी मोर्चांत वाटल्या. २००४ मध्ये, इराक युद्ध सुरू असताना, तिने ही मालिका पुन्हा सुरू केली. पद्धत मुद्दाम तीच ठेवली.