ताफा नंतर, आधी ॲम्ब्युलन्स

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या मेळाव्यात केलेलं भाषण, वेबसाइटसाठी थोडं आवरून)

नमस्कार मंडळी. सगळ्या काका-काकूंना, ताई-दादांना आणि मागे भिंतीला टेकून उभ्या असलेल्या पोरांनाही.

मी नर्स आहे, डायलिसिस युनिटमध्ये, म्हणजे किडनी निकामी झालेल्यांचं रक्त मशीनने साफ करतात तिथे, काम करते, त्यामुळे कुठे व्हीआयपी येणार म्हणून रस्ता बंद अशी बातमी वाचली की मला सगळ्यात आधी पेशंट आठवतो. तुमच्यापैकी ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे त्यांना हे सांगायला नको, आठवड्यातून तीनदा जायचं, दर वेळी साधारण चार तास मशीनवर, आणि एक खेप जरी चुकली तरी अंगात पाणी साठायला लागतं, पोटॅशियम वाढतं, हृदयाचे ठोके बिघडू शकतात. अशा माणसाला चौकात अडवून "साहेबांची गाडी गेली की सोडतो" म्हणणं किती भयंकर आहे ते अडवणाऱ्या पोलिसालाही कित्येकदा माहीत नसतं. बंदोबस्तामुळे होणाऱ्या त्रासाबद्दल बोलायला दहा मिनिटं मागून घेतली ती यासाठीच.

नोव्हेंबर २००९, चंडीगड. तिथल्या पीजीआय हॉस्पिटलच्या आवारात पंतप्रधान मनमोहन सिंग यांचा कार्यक्रम होता. त्या दिवशी किडनीचा एक पेशंट, वय फक्त ३२, घरच्यांनी गाडीतून आणला, तर सुरक्षेसाठी गेट बंद. या गेटवरून त्या गेटवर पाठवण्यात वेळ गेला आणि तो माणूस गेला. हॉस्पिटलच्या दारात! पंतप्रधानांनी नंतर कुटुंबाला दुःख कळवलं, आणि ते मनापासून असणार यात मला शंका नाही. पण मग जून २०२१ मध्ये कानपुरात पुन्हा तेच झालं. राष्ट्रपती कोविंद यांच्या दौऱ्यासाठी गोविंदपुरी पुलाजवळ गाड्या थांबवल्या होत्या आणि त्यात एक आजारी बाई हॉस्पिटलला निघालेल्या, त्या वेळेत पोहोचल्याच नाहीत, वारल्या. पोलीस आयुक्तांनी जाहीर माफी मागितली, काही पोलीस सस्पेंड झाले, राष्ट्रपतींनीही शोक कळवला. मधे बारा वर्षं गेली होती, पक्ष बदलला होता, पद वेगळं होतं. म्हणून हा प्रश्न या नेत्याचा की त्या नेत्याचा असा कृपा करून करू नका, तसं केलं की आपण आपापसात भांडत बसतो आणि पेशंट गाडीतच राहतो.

आता दुसरी बाजू, कारण ती खरी आहे. सुरक्षा हा नुसता थाट नाहीये. इंदिराजींना १९८४ मध्ये त्यांच्याच रक्षकांनी मारलं, त्यानंतर १९८५ मध्ये एसपीजी, म्हणजे पंतप्रधानांच्या रक्षणासाठीचं खास दल, उभी राहिली, १९८८ ला त्याचा कायदा झाला, आणि तरी १९९१ मध्ये श्रीपेरंबदूरच्या सभेत राजीव गांधी मारले गेले, तेव्हा माजी पंतप्रधान म्हणून त्यांना ते कवच राहिलं नव्हतं. त्यांच्याबरोबर सभेला आलेली साधी माणसं आणि ड्युटीवरचे पोलीसही गेले, हे आपण विसरतो. इथे अमेरिकेतही १९०१ मध्ये मॅकिन्ली यांची हत्या झाल्यावर सीक्रेट सर्व्हिसकडे राष्ट्राध्यक्षांच्या रक्षणाचं काम आलं. त्यामुळे नेत्याने एकट्याने रिक्षातून फिरावं वगैरे मी म्हणणार नाही, मला ते पटतच नाही.

माझं म्हणणं वेळेबद्दल आहे. ताफा चौकातून जायला दोन-तीन मिनिटं लागतात, मग लोक एवढा वेळ का अडकतात? तर विमान नक्की कधी उतरेल, सभा कधी संपेल याचा भरवसा नसतो, आणि खालचा अधिकारी धोका घेत नाही, तो आधीच रस्ता मोकळा करून ठेवतो. वायरलेसवर "निघाले" आलं की बॅरिकेड लागतं, मग कळतं की अजून निघालेच नाहीत, पण एकदा लावलेलं बॅरिकेड काढायची हिंमत कोण करणार? वर एक पर्यायी रस्ताही राखून ठेवतात, आणि आदल्या दिवशी रंगीत तालीम, म्हणजे नेता शहरात नसतानाही रस्ता बंद! प्रत्येक पातळीवरचा माणूस आपल्या बाजूने थोडी जास्तीची वेळ धरतो, कारण ताफा अडला तर त्याची नोकरी जाईल, आणि ॲम्ब्युलन्स अडली तर बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. मुळात सगळा गुंता इथे आहे असं मला वाटतं.

जानेवारी २०२२ आठवा. पंजाबात फिरोजपूरजवळ पंतप्रधानांचा ताफा एका उड्डाणपुलावर १५-२० मिनिटं अडकला. सुप्रीम कोर्टाने निवृत्त न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली. बरोबरच केलं, तो गंभीर प्रकार होता. मला फक्त एवढंच वाटतं की पेशंट १५-२० मिनिटं अडकला तर त्याचीही नोंद व्हावी, कुणीतरी लेखी उत्तर द्यावं. आमच्या क्षेत्रात या मिनिटांचा हिशोब असतो हो. हृदय बंद पडलं तर शॉक मिळायला लागणाऱ्या प्रत्येक मिनिटाला वाचण्याची शक्यता ७ ते १० टक्क्यांनी कमी होते. स्ट्रोकमध्ये गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्या साडेचार तासांत घरच्यांना कळणं, गाडी मिळणं, स्कॅन होणं सगळं आलं, तिथे अर्धा तास चौकात गेला तर काय उरतं.

आणि पेशंट हा टोकाचा प्रकार झाला, त्याच्या खाली किती माणसं आहेत बघा. दोन दिवस उठवलेला हातगाडीवाला, त्याला त्या दोन दिवसांचं कुणी काही देत नाही. परीक्षेला निघालेली मुलगी. शाळेच्या बसमध्ये अडकलेली लहान मुलं, ज्यांना बाथरूमला जायचं असतं. आणि हो, बंदोबस्तावरचे पोलीस, त्यांना मी नागरिकांतच धरते. सकाळपासून उन्हात पाठ फिरवून उभं राहायचं, पाणी नाही, बाईमाणूस असेल तर आणखीच हाल, कारण जवळपास टॉयलेट नसतं, म्हणून कित्येकजणी पाणीच पीत नाहीत, आणि त्याने किडनीला काय होतं ते मी रोज बघते. तमिळनाडूत जून २०२१ मध्ये पोलीस महासंचालकांनी आदेश काढला की मुख्यमंत्र्यांच्या दौऱ्यात महिला पोलिसांना रस्त्याकडेला उभं करायचं नाही. त्याच वर्षी मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी आपला ताफा १२ गाड्यांवरून ६ वर आणला, का तर लोकांना त्रास नको. म्हणजे ठरवलं तर होतं.

अजून एक उदाहरण मी सगळ्यांना सांगत असते. जून २०१७, बंगळुरू, ट्रिनिटी सर्कल. राष्ट्रपती प्रणव मुखर्जी मेट्रोच्या उद्घाटनाला आलेले, त्यांचा ताफा येतोय आणि बाजूने ॲम्ब्युलन्स येतेय. ड्युटीवरच्या ट्रॅफिक सब-इन्स्पेक्टरने ताफा थांबवला आणि ॲम्ब्युलन्सला आधी सोडलं. त्याला शिक्षा नाही झाली, बक्षीस मिळालं. सप्टेंबर २०२२ मध्ये अहमदाबादहून गांधीनगरला जाताना पंतप्रधान मोदींच्या ताफ्यानेही ॲम्ब्युलन्सला वाट दिली होती. सुरक्षा कुठे ढासळली का? नाही ना? पण बातमी झाली, आणि माझा आक्षेप तिथेच आहे, ही बातमी व्हायला नको, हा नियम असायला हवा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटर वाहन कायद्याच्या कलम १९४ई प्रमाणे ॲम्ब्युलन्सला वाट न देणाऱ्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. तोच विचार रस्ता अडवणाऱ्या यंत्रणेलाही लागू व्हावा. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेव्हाही लोक म्हणत होते की नुसता दिवा काढून काय होणार, पण मला ते पाऊल आवडलं होतं, फक्त पुढची पावलं राहिली.

इथे सगळं छान आहे असंही नाही. दर सप्टेंबरला युनोच्या आमसभेसाठी मॅनहॅटनची पूर्व बाजू कशी जाम होते ते आपण भोगतो. २०२५ मध्ये तर ट्रम्प यांच्या ताफ्यासाठी फ्रान्सचे अध्यक्ष मॅक्रॉन यांनाच पोलिसांनी रस्त्यावर थांबवलं, त्यांनी थेट ट्रम्प यांना फोन लावला आणि मग चालत पुढे गेले. चालता येणाऱ्या माणसाचं ठीक आहे. पण न्यूयॉर्क शहर ते दिवस आधी जाहीर करतं, कुठले रस्ते टाळा, सबवे वापरा, असं सांगतं. २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस फिलाडेल्फियाला आले तेव्हा बेन फ्रँकलिन पूल गाड्यांना बंद होता, मोठा भाग कुंपणाने अडवला होता, दुकानदारांनी नुकसान झालं म्हणून तक्रारी केल्या, पण हॉस्पिटलांनी आधीपासून तयारी करून स्टाफला आतच झोपायची सोय केली होती. पेशंटचा विचार आधी करता येतो, एवढंच मला त्यातून घ्यायचंय.

आता आपल्याबद्दल. आपली मंडळं भारतातून मंत्री, मुख्यमंत्री बोलावतात, मोठी अधिवेशनं करतात, आणि त्यात काही चूक नाही, माणसं लांबून येतात, आपल्या भाषेतलं भाषण ऐकतात, बरं वाटतं. पण यजमान आपण असतो, तेव्हा बंदोबस्ताच्या मीटिंगला आपलाही माणूस असतो आणि तो बहुतेक वेळा स्टेज, हार आणि फोटोबद्दलच बोलतो. माझी कमिटीला विनंती आहे की पुढच्या वेळी पाहुणा पक्का करायच्या आधीच त्यांच्या ऑफिसला आणि इथल्या पोलिसांना ईमेल करा, जवळच्या हॉस्पिटलकडे आणि डायलिसिस सेंटरकडे जाणारी एक लेन कुठल्याही परिस्थितीत बंद होणार नाही हे लेखी घ्या, हॉलच्या आसपास राहणाऱ्यांना आणि दुकानांना आठवडाभर आधी वेळेसकट पत्रक द्या, तेही फक्त मराठीत नको, कारण शेजारी सगळे आपले नाहीत. पाहुण्याला उशीर झाला तर कार्यक्रम त्यांच्याशिवाय सुरू करा, रस्ता धरून ठेवू नका. आपल्या ज्येष्ठांना गेटवर तासभर रांगेत उभं करू नका, खुर्च्या आणि पाणी ठेवा, बॅगेतली औषधं आणि इन्सुलिन आत नेऊ द्या. आणि हॉलबाहेर उभ्या असलेल्या पोलिसांना जेवण आणि बाथरूमची सोय आपण करायची, हे कुणी सांगायची वाट बघायची नाही.

पाहुण्याला हे चालत नसेल तर दुसरा पाहुणा बोलवूया, लेखक, शास्त्रज्ञ, शाळा चालवणाऱ्या बाई, माणसं खूप आहेत.

हे काम बघायला तीन-चार जणांची टीम लागेल. मी माझं नाव देतेय, ज्यांना यायचंय त्यांनी जेवणाच्या आधी नोंदणीच्या टेबलपाशी भेटा, ईमेलचा मसुदा माझ्याकडे तयार आहे.