झेल्को ओब्रादोविच : पाच क्लब, नऊ युरोपियन विजेतेपदं

१९९१ चा उन्हाळा. युगोस्लाव्हियाचा राष्ट्रीय बास्केटबॉल संघ रोममधल्या युरोपियन स्पर्धेच्या तयारीत होता. शिबिरात ३१ वर्षांचा एक पॉइंट गार्ड, म्हणजे चेंडू पुढे आणून चाली रचणारा खेळाडू होता, झेल्को ओब्रादोविच. जन्म सर्बियातल्या चाचाकचा, सुरुवात तिथल्याच बोरात्स क्लबात, पुढे बेलग्रेडचा पार्टिझान. १९८८ च्या सोल ऑलिंपिकचं रौप्य आणि १९९० चं विश्वविजेतेपद गाठीशी होतं. अशा वेळी पार्टिझानने त्यांच्यापुढे मुख्य प्रशिक्षकपद ठेवलं. ओब्रादोविच यांनी शिबिर सोडलं आणि खेळाडू म्हणून खेळणंही तिथेच थांबवलं.

प्रशिक्षणाचा अनुभव काहीच नव्हता. पाठीशी उभे राहिले अलेक्झांडर निकोलिच. इटलीच्या वारेसे क्लबला तीन युरोपियन कप (युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा) आणि युगोस्लाव्हियाला १९७८ चं विश्वविजेतेपद मिळवून देणारे हे गुरू सल्लागार म्हणून सोबत होते.

युगोस्लाव्हियात युद्ध पेटलं होतं. पार्टिझानला साखळीतले ‘घरचे’ सामने स्पेनमध्ये, माद्रिदजवळच्या फुएनलाब्रादात खेळावे लागले. संघ कोवळा होता: दानिलोविच २२ वर्षांचा, जॉर्जेविच २४ चा. तरीही ते इस्तंबूलच्या अंतिम फेरीत पोचले. समोर बार्सिलोनाजवळच्या बादालोनाचा जुव्हेंतुत. शेवटच्या क्षणांत जुव्हेंतुत ७०-६८ ने पुढे. चेंडू लगेच जॉर्जेविचच्या हाती आला. उजव्या बाजूने कोर्ट कापत त्याने धावता धावताच तीन गुणांचा शॉट घेतला. ७१-७०. पहिल्याच वर्षी युरोपचा कप!

पण हा एक शॉट बाजूला ठेवून पुढचे आकडे पाहा. १९९४ मध्ये ओब्रादोविच त्याच जुव्हेंतुतचे प्रशिक्षक होते आणि तेल अवीवमध्ये त्यांनी ओलिंपियाकोसला हरवलं. स्कोअर ५९-५७. २००७ मध्ये अथेन्सच्या पानाथिनाइकोसला घेऊन सीएसकेए मॉस्कोला हरवलं, स्कोअर ९३-९१. एकाच माणसाचे दोन संघ, दोन्ही अंतिम सामने फक्त दोन गुणांनी जिंकलेले, आणि खेळ मात्र पूर्ण वेगळा.

यात नियमांचाही हात आहे. २००० पर्यंत शॉट घ्यायला ३० सेकंद मिळत. मग २४ झाले, आणि २० मिनिटांच्या दोन डावांऐवजी १० मिनिटांचे चार क्वार्टर आले. २०१० मध्ये तीन गुणांची रेषा ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली. ३० सेकंदांत चाल फसली तरी ती पुन्हा रचायला वेळ होता; २४ मध्ये पहिलाच निर्णय अचूक लागतो. ओब्रादोविच या सगळ्या नियमांत जिंकले. हातात कोण खेळाडू आहेत ते पाहून त्यांनी खेळ बेतला, आणि आमच्या मते त्यांचं खरं मोठेपण इथे आहे.

पानाथिनाइकोसमध्ये त्यांची १३ वर्षं गेली, १९९९ ते २०१२. या काळात पाच युरोपियन कप आले: २०००, २००२, २००७, २००९, २०११. शेवटच्या तिन्ही कपांच्या मुळाशी एक साधी चाल दिसते, पिक अँड रोल.

नीट बघा. चेंडू गार्डकडे आहे. सेंटर, म्हणजे बास्केटजवळ खेळणारा उंच खेळाडू, येऊन त्या गार्डच्या बचावपटूच्या वाटेत अंग रोवून उभा राहतो, हा स्क्रीन. सेंटर हलला तर फाउल. गार्डने त्याच्या खांद्याला घासूनच निघायचं. मध्ये फट राहिली की बचावपटू त्यातून निसटतो आणि चाल वाया जाते. गार्ड सुटला की सेंटर वळून बास्केटकडे धावतो. सेंटरचा बचावपटू गार्डवर आला, तर सेंटर मोकळा. तो मागे थांबला, तर गार्डला शॉट. तिसरा मदतीला धावला, तर कोपऱ्यातला शूटर मोकळा. म्हणून त्या शूटरने कोपरा सोडायचा नाही. तो चेंडूच्या ओढीने दोन पावलं आत आला, तर एकच बचावपटू दोघांना सांभाळतो आणि सगळी चाल बुडते.

२००९ च्या संघात ही चाल चालवणारे तीन जण होते: दियामांतिदिस, स्पानुलिस आणि यासिकेव्हिचुस. बास्केटजवळ बॅटिस्ट आणि पेकोविच. बर्लिनमध्ये मध्यंतराला सीएसकेएविरुद्ध ४८-२८ अशी आघाडी होती. ती जवळजवळ पूर्ण वितळली. शिश्काउस्कासचा शेवटचा शॉट चुकला म्हणून ७३-७१ वर सुटका झाली.

राष्ट्रीय संघासोबत १९९६ च्या ऑलिंपिकचं रौप्य, १९९७ चं युरोपियन आणि १९९८ चं जागतिक सुवर्ण आलं. मात्र २००५ मध्ये मायदेशातल्या युरोपियन स्पर्धेत फ्रान्सकडून हरून संघ लवकर बाहेर पडला. संघात एकी नव्हती. ओब्रादोविच यांनी ते पत्रकारांपुढे उघड सांगितलं आणि पद सोडलं.

पुढे ओब्रादोविच इस्तंबूलच्या फेनरबाहचे क्लबाचे प्रशिक्षक झाले. तिथे २०१६ चा युरोपियन अंतिम सामना एका रिबाउंडवर, म्हणजे चुकलेल्या शॉटनंतरच्या चेंडूवर गेला. फेनरबाहचेकडे दोन गुणांची आघाडी, जेमतेम दोन सेकंद बाकी, आणि सीएसकेएच्या ख्रियापाने चुकलेला शॉट परत आत ढकलला. जादा वेळेत १०१-९६ असा पराभव. चांगला बचाव झाला होता, पण चेंडू हातात येईपर्यंत बचाव संपत नाही.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे एक्पे उडोसारखा सेंटर पूर्ण बहरात होता. स्क्रीन लागला की तो थेट गार्डला अडवायला जायचा आणि चपळ गार्डपुढेही मागे पडायचा नाही. त्यामुळे तिसऱ्या बचावपटूला कोपरा सोडावा लागत नसे. फेनरबाहचेने इस्तंबूलमध्येच ओलिंपियाकोसला ८०-६४ ने हरवलं. तुर्कस्तानच्या क्लबचा तो पहिला युरोलीग कप (युरोपियन कपचंच आताचं नाव) आणि ओब्रादोविच यांचा नववा.

२०२१ मध्ये ते पार्टिझानमध्ये परतले. २०२३ च्या युरोलीग प्लेऑफमध्ये रेआल माद्रिदला त्यांच्याच घरी दोनदा हरवलं. दुसऱ्या सामन्याच्या अखेरीस मैदानावर हाणामारी झाली, पंटर आणि लेसोर यांच्यावर बंदी आली, आणि मालिका ३-२ ने हातची गेली. त्याच जूनमध्ये बेलग्रेडच्याच त्रवेना झ्वेझ्दाविरुद्धची एबीए लीगची (मुख्यतः पूर्वीच्या युगोस्लाव्हियातल्या क्लबांची स्पर्धा) अंतिम मालिकाही पाचव्या सामन्यापर्यंत ताणली गेली. ती मात्र पार्टिझानने जिंकली.