तोंड एकीकडे, वाट दुसरीकडे

आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत ‘नवशिक्या गोल्फपटूसाठी परवडणारे साहित्य’ असा छापला आहे आणि त्याकडे मी अवश्य येणार आहे. मात्र आपला चेंडू उजवीकडे का वळतो हे ज्याला उमगलेले नाही, त्याने दुकानाची पायरी चढूच नये, असे माझे जुने मत असल्यामुळे आरंभ तिथून करतो. डावखुऱ्या मंडळींनी माझे प्रत्येक ‘उजवीकडे’ कृपया ‘डावीकडे’ असे ऐकावे. अशी उलटापालट त्यांच्या अंगवळणी पडलेलीच असते.

मी खेळ शिकू लागून चार-पाच महिने झाले होते. माझ्या ड्रायव्हरचा, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याच्या काठीचा (क्लबचा), फटका सुटताना बरा दिसे आणि मग विळ्याच्या पात्यासारखा उजवीकडे वळून झाडीत शिरे. यालाच आपण स्लाइस म्हणतो; आपल्या हसण्यावरून त्याचा आणि आपलाही घरोबा दिसतो. मी त्यावर दोन उपाय केले. चेंडू उजवीकडे जातो म्हणून मी डावीकडे रोख धरून उभा राहू लागलो, आणि एका विक्रेत्याच्या आग्रहावरून ऐपतीबाहेरचा ड्रायव्हर विकत घेतला, ज्याच्या तोंडाचा, म्हणजे चेंडूवर आदळणाऱ्या बाजूचा, मागे झुकलेला कल अवघा नऊ अंश होता आणि शाफ्ट (दांडा) इतकी ताठ, की ती व्यावसायिकाच्याच हाती शोभावी. चेंडू पूर्वीपेक्षा लांब जाऊ लागला हे मान्य केले पाहिजे. तो झाडीत अधिक आतपर्यंत जाऊ लागला.

हे का घडले? क्लब आणि चेंडू यांची गाठ सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागापुरतीच पडते. फटका मध्यावर बसला असेल, तर त्या क्षणी क्लबचे तोंड जिकडे असेल तिकडेच चेंडू बहुतांशी निघतो. आणि ते तोंड व क्लबच्या डोक्याची वाट यांत जेवढी फट असेल, त्या प्रमाणात तो पुढे वळतो. पूर्वी पुष्कळ प्रशिक्षक नेमके उलट सांगत, म्हणजे चेंडू वाटेने निघतो आणि तोंडाकडे वळतो. रडारच्या मोजमापांनी ती समजूत मोडीत काढली. आता माझी चूक पाहा. मी जसजसा डावीकडे वळून उभा राहिलो, तसतशी क्लबची वाट आणखी डावीकडे गेली. मनगटे मात्र तोंड उघडेच, म्हणजे वाटेच्या उजवीकडे वळलेलेच, ठेवत राहिली, आणि जी फट बुजवायची तीच मी रोज रुंदावत होतो. त्यात कल जितका कमी तितकी उलटी फिरकी कमी, त्यामुळे तेवढ्याच फटीने फिरकीचा आस अधिक तिरपा होतो. थोडक्यात, तो महाग ड्रायव्हर माझा दोष वाढवून दाखवणारे भिंग होता.

सुटका झाली ती शाईच्या एका ठिपक्याने. सरावाच्या जागी एका वयस्क खेळाडूने माझ्या चेंडूच्या मागच्या बाजूस ओल्या शाईचा ठिपका काढला आणि फटका मारायला सांगितले. ठसा क्लबच्या तोंडावर मध्यापासून बोटभर टाचेकडे, म्हणजे दांड्याच्या बाजूला, उमटला. मग ते चेंडूचा विषय सोडून माझ्या डाव्या हाताकडे पाहत राहिले. मी क्लबची मूठ तळहातात धरली होती, फावड्याचा दांडा धरावा तशी. त्यांनी ती बोटांच्या मुळाशी आणली, हात किंचित उजवीकडे वळवला, आणि वरून पाहिल्यावर त्या हाताच्या बोटांच्या मुळाशी असलेले दोन उंचवटे मला दिसतात ना, याची खात्री करून घेतली. मग सात नंबरच्या आयर्नने, म्हणजे मध्यम पल्ल्याच्या धातूच्या पातळ डोक्याच्या क्लबने, हात कमरेच्या वर न नेता, अर्धा-अर्धा स्विंग. पहिले वीसेक चेंडू चक्क डावीकडे गेले आणि मला कोण आनंद झाला!

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, तेव्हा साहित्याचे भराभर सांगतो. नियमाने चौदा क्लबची मुभा आहे, सक्ती नाही. ही मर्यादासुद्धा अमेरिकेत १९३८ साली आणि स्कॉटलंडमधील सेंट अँड्रूजच्या नियम ठरवणाऱ्या संस्थेकडून १९३९ साली आली, कारण खेळाडू वीस-वीस क्लब नेऊ लागले होते. आपल्याला भोकाजवळच्या हिरवळीवर चेंडू ढकलणारा पटर, वाळूतून चेंडू काढणारा सँड वेज, नऊ व सात नंबरचे आयर्न, लांब पल्ल्याचा पाच नंबरचा वुड आणि वुड व आयर्न यांच्या मधला एक हायब्रिड एवढे पुरे. ड्रायव्हर हवाच असेल, तर साडेदहा ते बारा अंशांचा घ्यावा. सुमारे पंचेचाळीस इंच लांबीचा तो क्लब सात नंबरच्या आयर्नपेक्षा जवळपास आठ इंचांनी लांब असतो, हे विसरू नये. आयर्न मागून पोकळ, कडेला वजन असलेले घ्यावेत, कारण फटका मध्यावर बसला नाही तरी ते कमी पिरगळतात. ही कल्पना रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा होता, त्या कार्स्टन सोलहाइम यांनी १९५९ साली घरच्या गॅरेजमध्ये पटर घडवण्यापासून सुरुवात केली होती. वापरलेले क्लब खुशाल घ्यावेत. शाफ्टला पोचा नाही ना आणि तोंडावरच्या खाचा झिजलेल्या नाहीत ना, एवढे पाहावे. कडक झालेली ग्रिप थोडक्यात बदलता येते. चेंडू दोन थरांचा, साधा घ्यावा, ४५.९३ ग्रॅमची कमाल मर्यादा महागड्या चेंडूलाही चुकलेली नाही.

पटरबद्दल बोलायचे राहिलेच. बहात्तर पारच्या, म्हणजे निष्णात खेळाडूकडून बहात्तर फटके अपेक्षित असलेल्या, मैदानावर छत्तीस फटके हिरवळीवरचे धरलेले असतात, म्हणून तो मात्र उधारीचा नसावा. खाली वाकून उभे राहिल्यावर डोळे चेंडूच्या वर येतील, अशा लांबीचा तो स्वतः हातात धरून निवडावा.