हापूसचे अवतार

सावंतवाडीत मोती तलावाकडून चितारआळीत शिरलात की दुकानादुकानात टोपल्या भरून फळं दिसतात, केळी, पेरू, सीताफळ, हापूस, आणि वास एकालाही नाही, सगळी लाकडाची. असा एखादा सेट शोकेसमध्ये धूळ खात पडलेला असतोच प्रत्येकाकडे, आमच्याकडे पण आहे.

पण एक गोष्ट मला कायम खटकायची, की ही सगळी फळं पिकलेलीच का? याच गावात गंजिफा म्हणजे जुन्या पद्धतीचे पत्ते रंगवतात, दशावताराची १२० गोल पानं, एकेका अवताराची १२, आणि आंब्याचा मात्र फक्त शेवटचाच अवतार?

ही फळं बनवणाऱ्या काकांना विचारलं तर हसले, म्हणाले, "कच्चो आंबो कोण इकत घेतलो?"

मुद्दा बरोबरच आहे म्हणा. पण कोकणात बागायतदाराला विचारा, तो पिकलेल्या आंब्याबद्दल बोलतच नाही. पावसानंतर येते ती तांबूस पालवी, थंडी पडली की मोहोर, मग वाटाणा, गोटी, सुपारी, हे साईज नाही हां, हे कैरीच्या वयाचे शब्द आहेत, फवारणी कधी करायची ते पण यावरच ठरतं. एका तुऱ्याला शेकडो फुलं, त्यातून टिकणार एखाद-दुसरा आंबा, बाकी सगळं गळून खाली. काजूचं तर अजून उलटंच, आधी बी पूर्ण वाढते, बोंडू म्हणजे वरचं रसाळ फळ फुगतं नंतर, पण लाकडात बघाल तर कायम लालभडक बोंडूच.

शेवटी काका तयार झाले, म्हणाले बघूया करून. वाटाणा आणि गोटी पटकन झाली, सुपारी बघून शेजारचा म्हणाला ही पानाच्या डब्यातली काय, त्यावरून बराच वेळ टिंगल चालली.

अडले ते चौदा आणे आंब्यावर. म्हणजे तयार झालेला, झाडावरून काढायचा, पण रंगाने हिरवाच. पिवळ्यावर लाल झाक मारायची हाताला सवय, इथे तो आधार नाही, आंबा तयार आहे हे फक्त आकारातून दिसायला हवं. काकांनी दोनदा रंग खरवडून काढला, मग परसातला एक आंबा आणून समोर ठेवला आणि पॉलिश पेपरने देठाजवळचा भाग थोडा खाली घेतला, बाजूचे खांदे आपोआप वर आले.

आणि सगळ्यात शेवटी, कोणी सांगितलं नव्हतं तरी, देठापासून खाली एक बारीक चकाकती रेघ ओढली, चिकाची.